पावडर नसलेला फोटो

प्रिय सेरवा,

फोनवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं, म्हणून शेवटी कागद घेतला. अक्राच्या सकाळच्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्या हाती देतोय. आईच्या अंत्यविधीच्या पोस्टरवर तिचा कुठला फोटो छापायचा यावरून आपलं वाजलं त्याला आता अकरा महिने झाले. त्यानंतर तू इकडे कुमासीला घरी फिरकली नाहीस, आणि मीही दोन शब्द बोललो नाही. बोलायला काय धाड भरली होती मला, देव जाणे.

बातमी ही, की मी फोन घेतला. हसू नकोस. तुमच्याच कंपनीचा घेतला. पोकुआ मावशी लगेच म्हणाली, "दाजी, जन्मभर फोनला शिव्या घातल्यात आणि आता म्हातारपणी त्याच्याशी सोयरीक?" तिला म्हटलं, दोन दिवस लाईट नव्हते तरी हा चालू होता, तुझा कालच मेला. दोन सिमं राहतात, आवाज बाजाराच्या गोंगाटातही ऐकू येतो. पण मी तो घेतला होता कॅमेऱ्यात खोट काढायला, हे तुझ्यापासून कशाला लपवू?

तीस वर्षं फोटो काढलेल्या माणसाला हा डबा काय शिकवणार, अशा गुर्मीत मी कोपऱ्यावर मक्याचे केंके विकणाऱ्या बाईंना मुद्दाम सावलीत बसवलं, पाठीमागे रखरखीत ऊन. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात अशा वेळी नुसते दात आणि डोळे यायचे. ह्यात बाई अख्ख्या आल्या. गालावरचा घाम आला, कपाळाचा काळाभोर तजेला आला, केंक्यांवर गुंडाळलेली पानंसुद्धा शिरांसकट आली. बाईंनी बोटांनी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाल्या, "मास्टर, माझ्या लग्नात फोटो तुम्हीच काढलेत ना? मग तेव्हा मी अशी का नाही दिसले?"

उत्तर तुला ठाऊक आहे. त्या फिल्मला आपला काळा रंग दिसायचाच नाही, म्हणून मी गिऱ्हाइकांच्या तोंडाला पावडर लावायला लागलो. पुढे लोकच म्हणायला लागले, "मास्टर, जरा उजळ करा हं." मीही करत गेलो, आणि स्टुडिओच्या पाटीवर 'उजळ चेहरा' असं रंगवून वर ऐटीत मिरवलं. तुमच्या फोनमध्येही चेहरा गोरा करायची सोय आहे, पण नव्या अपडेटनंतर ती आपोआप चालू होत नाही, मागावी लागते. हे तुमच्या कामाचं फळ ना? फोनच्या कॅमेऱ्याला आपले चेहरे ओळखायला शिकवायच्या नोकरीला तू लागलीस तेव्हा मी म्हणालो होतो, दिवसभर लोकांची तोंडं बघायचा पगार मिळतो होय! अगं, तीस वर्षांत मी ती तोंडं नीट बघितलीच नव्हती. तू बघितलीस. मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं.

तू ठेवून गेलेला ऑफिसचा जुना लॅपटॉपही बाहेर काढला. पाटा-वरवंट्यासारखा जड, दिसायला ओबडधोबड, पण काय इमानी यंत्र आहे! परवा मावशीने त्याच्यावर शेंगदाण्याचं सूप सांडलं. उलटा करून वाळवला, तर पुन्हा सुरू. कळा मात्र अजून चिकटतात, मावशी म्हणते मसाला मुरलाय.

तो बाहेर काढण्याचं कारण आता सांगतो. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी आईच्या वर्षाची प्रार्थना आहे, आणि छापखान्यातला बादू पोस्टरसाठी फोटो मागतोय. तिचे मी काढलेले सगळे फोटो स्कॅन करवून त्या लॅपटॉपवर चढवले, बासष्ट आहेत. बासष्टच्या बासष्टांत पावडर. लहानपणी चुलीवर भाजून तिच्या हनुवटीवर पडलेला डाग मी रोज बघायचो, तो एकाही फोटोत नाही, मीच प्रत्येक वेळी झाकला. पोस्टरसाठी तू फोनवर आणलेल्या फोटोत तो होता. आणि मी भर मंडपात, सगळ्यांदेखत म्हणालो, "बाईला कोळसा करून टाकलंय, हेच शिकायला गेलीस का अक्राला?" तू फोन बंद करून म्हणालीस, "बाबा, ही आई आहे. तुमच्या फोटोत कोण आहे ते तुम्हालाच माहीत." माझं चुकलं, पोरी. बादूला सांगितलंय, ह्या वेळी फोटोखाली स्टुडिओचं नाव नको, तुझं नाव छाप. पण छापायचं काय? तुझ्या आईचा चेहरा माझ्याकडे नाही गं, फक्त तुझ्याकडे आहे. फोनवर पाठवू नकोस. तू स्वतः घेऊन ये.

तुझाच,
बाबा