विलय-संशय खान्यातला जावई

जरीपटका, नागपूर
५ जानेवारी २०२५

आद. सिंधूताईस,
धाकट्या देवरावचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सर्व कुशल. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून तत्त्वज्ञान सांगता येत नाही, म्हणून पत्रच बरं. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी ज्याच्या मागे होतो ते ‘द्वादशगुण दर्शन’ अखेर पूर्ण झालं. अस्तित्वाची तत्त्वं तीन : सत्ता, गती आणि विलय. मनाच्या वृत्ती चार : श्रद्धा, करुणा, ईर्षा आणि संशय. तीन चोक बारा. जगातला कोणताही माणूस या बारापैकी एका खान्यात बसतोच. सत्तेची ओळ वर, गतीची मध्ये, विलयाची तळाला. मोठा तक्ता काढून बैठकीत लावला आहे आणि नातेवाइकांची नावं आपापल्या खान्यात लिहून टाकली आहेत. तू ‘सत्ता-करुणा’ आहेस, अभिनंदन. आमची नंदिनी ‘गती-ईर्षा’ निघाली. ती म्हणाली, मले कोणत्या खान्यात टाकाचं ते टाका, पण मंग जेवण बी त्या तक्त्यालेच मागा. मी स्वतः एकाही खान्यात नाही, कारण मोजणाऱ्याला बाहेर उभं राहावं लागतं. त्या जागेला मी ‘साक्षी’ हे नाव दिलं आहे.

आता मुद्द्याचं. आपल्या दीक्षानं मुलगा पसंत केला आहे. प्रशिक नाव. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायचं काम करतो. घर इंदोऱ्याला, माणसं सरळ, मुलगा निर्व्यसनी. मी त्याला जेवायला बोलावलं, कारण माणूस ताटावर कळतो. त्यानं पाटवडीचा रस्सा पुन्हा मागून घेतला, भात संपेपर्यंत मान वर केली नाही, आणि मी तक्ता समजावून सांगितल्यावर म्हणाला, काका, खाने बाराच काहून? हे तपासलं कोणी? झालं, ‘विलय-संशय’! तळाच्या ओळीतला शेवटचा खाना. दीक्षा ‘गती-श्रद्धा’ आहे. दोघांचा गुणमेळ बसत नाही, म्हणून मी नकार दिला आहे. ती तुझं ऐकते, तिला चार शब्द सांग.

माया आहे ती कमी होऊ देऊ नये.
तुझा,
देवराव (साक्षी)


खापा
१२ जानेवारी २०२५

चि. देवरावास,
सिंधूताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी चष्म्याशिवाय वाचलं, मग चष्मा लावून. चष्म्याशिवाय जास्त समजलं.

खात्यात होतास तेव्हा लोकांच्या घरांना मीटर लावायचास, आता लोकांनाच लावत सुटलास. त्या मीटरची तक्रार करायला निदान एक खिडकी तरी होती, तुझ्या तक्त्याची कुठे करायची? आणि ‘साक्षी’ काय गा? लहानपणी लपाछपीत तुझ्यावर राज्य आलं की तू लगेच पंच व्हायचास. साठी उलटली तरी खोड गेली नाही.

मी एवढी वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पहिलीतली पोरंसुद्धा दुपारच्या सुट्टीआधी वेगळी आणि सुट्टीनंतर वेगळी असतात, हे मला नोकरी लागल्याच्या पहिल्या आठवड्यात कळलं. नंदिनीच्या हातचा रस्सा जो पुन्हा मागत नाही, खरं तर त्यालाच नकार द्यायला पाहिजे. राहिला संशय. तपासून घ्या, मगच माना, असं तथागत आपल्याला सांगून गेले. त्या पोरानं तेवढंच केलं. तथागतांना कोणत्या खान्यात बसवलंस तेही कळव.

दीक्षाला मी काही सांगणार नाही. तुला सांगते आहे, हो म्हण.

तब्येत सांभाळ, डोकं त्याहून जास्त.
तुझी,
ताई


नागपूर
२० जानेवारी २०२५

प्रिय आत्यास,
दीक्षाचा जयभीम. तुझ्या गुडघ्यांना बरं आहे ना?

तुझं पत्र बाबांनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाले, करुणेच्या खान्यातली माणसं अशीच बोलतात. म्हणजे तू काहीही लिही, तक्त्यात त्याची सोय आधीच आहे. दूधवाल्याला त्यांनी ‘विलय-ईर्षा’ ठरवलं, तेव्हापासून तो दूध फाटकावर ठेवून निघून जातो. शेजारच्या काकू मात्र दोनदा येऊन विचारून गेल्या की त्यांची सून कोणत्या खान्यात आहे, आणि कळल्यावर फार समाधानानं घरी गेल्या.

आत्या, मला हसू येतं आणि रडूही येतं. आम्ही दोघं कमावते आहोत, उद्या नोंदणी करून लग्न लावू शकतो. मैत्रिणी तेच म्हणतात. आईसुद्धा म्हणते की मी येतो तुह्या संग, चाल. पण मला बाबा हवे आहेत. विहारात आम्ही त्रिशरण म्हणत असताना समोर बाबा बसलेले नसले, तर ते लग्न मला आयुष्यभर अर्धं वाटेल. प्रशिकच्या आईनं वाट पाहायचं कबूल केलं आहे, पण किती दिवस पाहील? तिलाही मानापमान आहेच ना. तुला काही सुचत असेल तर कर.

पाया पडते. लोभ आहेच, तो वाढवत राहा.
तुझी,
दीक्षा


खापा
२७ जानेवारी २०२५

चि. देवरावास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यापुढे हात टेकले. तुला प्रशिक नकोच असेल, तर माझ्या पाहण्यात दुसरा एक मुलगा आहे. प्रीतम नाव, वय अठ्ठावीस, सावनेरला बँकेत आहे. त्याच्या घरी माझं नेहमीचं येणंजाणं असल्यामुळे, तुला लागतं तसं निरीक्षण कळवू शकते.

जेवताना भाजीतले मिरचीचे तुकडे वेचून ताटाच्या कडेला ओळीत लावतो आणि ओळ मोडली तर पुन्हा लावतो. राग आला की बोलत नाही, स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे मांडतो. बाजारातून जिरं आणायला पाठवलं तर रिकाम्या हातानं येऊन, जिरं का आणू नये हे पटवून देतो. आजारी माणसाला भेटायला गेला तर आजार कशामुळे झाला ते सांगतो, बरं वाटतं का ते विचारत नाही. मनानं मात्र वाईट नाही. आईला ताप आला होता तेव्हा रात्रभर उशाशी बसला, पण ताप का येतो तेही रात्रभर सांगत होता.

कोणता खाना ते कळव. दीक्षाशी जमेल का?
तुझी,
ताई


जरीपटका, नागपूर
३ फेब्रुवारी २०२५

आद. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं निरीक्षण वाचून फार आनंद झाला. उशिरा का होईना, तू माझ्या पद्धतीनं पाहू लागलीस. मुलाच्या बाबतीत मात्र निराशाच आहे. हासुद्धा ‘विलय-संशय’च! शिवाय प्रशिकपेक्षा कितीतरी गडद. प्रशिक निदान दुसऱ्याला प्रश्न विचारतो. हा कुणाला काही विचारतच नाही, कारण उत्तरं सगळी स्वतःजवळ आहेत असं त्याला वाटतं. अशी माणसं घरातल्या लोकांना जवळ घेत नाहीत, त्यांची मांडणी करतात. मिरच्यांचं आज करतो तेच तो उद्या बायकोपोरांचं करील. अशा माणसाला मुलगी देणारा बाप आंधळा म्हटला पाहिजे. त्या घरी कळवून टाक.

नंदिनीनं तुझं पत्र वाचलं आणि ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. कारण विचारलं तर सांगत नाही. ईर्षेच्या खान्याचं लक्षणच ते.

कृपा असावी.
तुझा,
देवराव (साक्षी)


खापा
९ फेब्रुवारी २०२५

चि. देवरावास,
आशीर्वाद.

प्रीतम नावाचा मुलगा ना खाप्यात आहे ना सावनेरला. खोटं न बोलण्याचं चौथं शील मोडलं मी. पौर्णिमेला विहारात जाऊन पुन्हा घेईन. प्रीतम म्हणजे तू आहेस, अठ्ठावीस वर्षांचा. बँक तेवढी माझ्या पदरची, बाकी सगळं तुझं.

मिरच्यांची ओळ तू अजूनही लावतोस, म्हणून तर नंदिनीला पाणी द्यावं लागलं. तिच्या वडिलांना तुझे हे सगळे गुण मीच जाऊन सांगितले होते. ते म्हणाले, पोरीचं शिक्षण पुरं करू देईल का तेवढं सांगा, बाकीचं ती पाहून घेईल. त्या माणसाला तू परवाच्या पत्रात आंधळा म्हणालास.

राग मला याचा नाही. वरच्या आळीत पत्रिका जुळली नाही म्हणून एखादं लग्न मोडलं की आपण किती हसायचो, आठव. आपल्या घरात पत्रिका नाही, मुहूर्त नाही, गुण जुळवणं नाही. जयंतीला हेच भाषण तू ठोकायचास आणि मी टाळ्या वाजवायची. आता त्याच तोंडानं गुणमेळ म्हणतोस? त्या लोकांनी निदान ग्रहांवर ढकललं होतं. तू तर ते ओझंही ग्रहांच्या डोक्यावर ठेवलं नाहीस, स्वतःच माणसांना खाली खेचायला बसलास. लाज वाटली मला, देवराव.

उत्तर लिहिताना डबे मांडू नकोस.
तुझी,
ताई


जरीपटका, नागपूर
१८ फेब्रुवारी २०२५

आद. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

डबे मांडले. ते जाऊ दे.

तुझ्या पत्रामुळे दर्शनात मोठी प्रगती झाली, हे मी मोकळेपणानं कबूल करतो. मी जर खरोखर ‘विलय-संशय’ असेन, तर तो खाना तळाचा असूच शकत नाही. विचार केल्यावर माझी चूक ध्यानात आली. विलय म्हणजे अहंकाराचा विलय आणि संशय म्हणजे ज्ञानाचं दार. तो सर्वोच्च खाना आहे! त्यामुळे तक्ता उलटा करून विलयाची ओळ वर घेतली आणि सत्तेची तळाला नेली. आता प्रशिक आणि मी शेजारी शेजारी आहोत. त्याला बोलावून सांगितलं की लग्नाला माझी संमती आहे.

तर तो काय करतो? तक्त्यासमोर उभा राहून विचारतो की आता खाली कोण गेलं. मी म्हटलं, खाली कुणी तरी असणारच, तक्ता आहे तो. तू गेलीस, पण तू घरचीच. त्याची आई ‘सत्ता-ईर्षा’, तीही गेली. त्यावर तो म्हणाला, माही माय खाली बसून राहिली तं मी वर बसून का करू? आणि चहा न घेता उठून गेला. आईचं नाव तिथं आहे तोवर तारीख ठरवायला येणार नाही म्हणतो. दीक्षानं माझ्याशी बोलणं सोडलं आहे. संमती देऊनही माणसानं वाईट व्हायचं का? तूच सांग.

तुझा,
देवराव


खापा
२३ फेब्रुवारी २०२५

चि. देवरावास,
आशीर्वाद.

सांगते. जावई भला मिळाला आहे, सोडू नकोस.

तू तक्ता उलटा केलास, त्यात मला नवल वाटलं नाही. बनवणारा खाली सापडला की तक्ते उलटतातच. तळाची ओळ मात्र तू ठेवलीस. ती कशी ठेववली तुला?

छप्पन साली आपली आई नवी नवरी होती. घरच्यांबरोबर बैलगाडीनं नागपूरला धम्मदीक्षेला गेली, पांढरं लुगडं नेसून. परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव कन्हान नदीत सोडले, तेव्हा ती पाण्यात उभी होती. मी लहान असताना ती मला सांगायची, आता आपल्याले कोणी खालचं म्हणणार नाही, अन् आपणही कोणाले म्हणाचं नाही. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण तिच्या त्या बोलण्यापुढे तुझी बारा खान्यांची अक्कल मला काही मोठी वाटत नाही.

तर आता एक कर. खालची ओळ रिकामी ठेवता येत नाही म्हणतोस ना? मग माझं नाव काढ, प्रशिकच्या आईचंही काढ, आणि तिथं रंभाबाई लिही. आपल्या आईचं नाव. लिही आणि मला कळव.
ताई


जरीपटका, नागपूर
२ मार्च २०२५

ती. ताईस,
देवरावचा जयभीम.

लिहिलं नाही. ‘रं’ काढला आणि हात पुढे जाईना. नंदिनी स्वयंपाकघरातून बघत होती. मी तक्ता भिंतीवरून काढला आणि फाडला.

पद्धत चूक होती असं मी अजूनही म्हणत नाही, ताई. तीन तत्त्वं आहेत, चार वृत्ती आहेत, त्यावर मी तुझ्याशी कधीही वाद घालायला तयार आहे. पण माझ्या आईला जिथं लिहिताना माझा हात अडला, तिथं दुसऱ्याच्या आईला मी किती सहज लिहून मोकळा झालो होतो.

काल इंदोऱ्याला जाऊन मी हे प्रशिकच्या आईंना तोंडानं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग विचारलं, तुम्ही जेवले का. मी नाही म्हटलं आणि हात धुवायला उठलो.
देवराव