एक्केचाळीस लाकडी बैलांची व्यवस्था

मी, दत्तोपंत रामकृष्ण हरकरे, वय वर्षे एकाहत्तर, जिल्हा कचेरीतला निवृत्त नाझर, राहणार महाल, नागपूर, हा कागद स्वतःच्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून अगर दडपणाखाली नव्हे, असा लिहून ठेवतो. माझे मन स्थिर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. ते समाधानी आहे का, हे त्यांनी विचारले नाही आणि कायद्यालाही त्याची गरज नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, विहिरीसह, माझा पुतण्या शरच्चंद्र यास द्यावे. कोणतीही अट नाही. अट घातली असती तर त्याने मोडली असती आणि मी ते बघायला नसतो. या कागदाची अंमलबजावणीही त्यानेच करावी, कारण दुसरे कोणी नाही.

२. माझी पत्नी कै. चारुशीला हिची चांदीची भांडी शरच्चंद्राच्या पत्नीस द्यावीत. आम्हांस मूल झाले नाही. पुढची सगळी कलमे त्यामुळेच लिहावी लागत आहेत.

३. आरामखुर्ची देवराव सुतारास द्यावी. तिच्या पाठीवर मी पांढऱ्या रंगाने क्रमांक घातलेला आहे, बसल्यावर दिसत नाही. नाझराचे काम म्हणजे कचेरीतल्या सामानाची राखण. टेबल, खुर्ची, घागर, जे दिसेल त्यावर निशाणी घालायची. तीस वर्षे तेच केले. घरच्या पाटावरही क्रमांक घातले होते, तेव्हा चारुशीला हसली होती.

४. आता बैलांविषयी. हे कलम लांबेल, वाचणाऱ्याने जरा धीर धरावा.

सन १९६५ च्या तान्ह्या पोळ्याला आम्ही दोघे रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीवरून चाललो होतो. आमच्या महालातली मुले त्या दिवशी लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. घरची बाई बैलाला कुंकू लावते आणि मुलाच्या हातावर खाऊ नाहीतर नाणे ठेवते, त्याला बोजारा म्हणतात. वस्तीतली पोरे विटेला सुतळी बांधून तोच बैल म्हणून ओढत होती. चारुशीला तिथेच उभी राहिली. दुसऱ्या वर्षी आम्ही त्या मुलांसाठी मंडळ काढले. पाट्या, चित्रांची पुस्तके, रंगीत ठोकळे जमवले आणि देवरावाकडून एक्केचाळीस सागवानी बैल चाकांसकट करून घेतले. ते काम त्याने इतके जीव लावून केले की प्रत्येक बैलाचा चेहरा वेगळा निघाला.

मी प्रत्येक बैलाच्या पोटावर पांढऱ्या रंगाने ‘धर्मादाय’ लिहिले, खाली क्रमांक. कोणी विकू नये म्हणून. सकाळी बैल द्यायचे, संध्याकाळी ओसरीवर मोजून परत घ्यायचे. अक्षरे दिसली पाहिजेत म्हणून झूल वर बांधायची, असाही नियम मीच केला. चारुशीला म्हणाली, “आपल्याकडे जेवून गेलेल्याच्या सदऱ्यावर आपण तसं लिहितो का हो?” मी म्हणालो, तुला कचेरीतले कळत नाही.

मुले बैल घेऊन दारोदार गेली. लोक पोटावरचे वाचत. “धर्माचा बैल आला” म्हणत आणि कुंकवाचे बोट आखडून घेत. काही दारे तर उघडलीच नाहीत. हे मला मुलांनी सांगितले नाही. पुष्कळ वर्षांनी देवरावाने सांगितले.

५. १९६९ साली क्रमांक सतराचा बैल जयवंता नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीकडे होता. तिचा बाप नत्थू गिरणीत कामाला होता. संध्याकाळी तिने बैल परत आणला तेव्हा पोट कोरे होते. काचेच्या तुकड्याने तिने अक्षरे खरवडून काढली होती, अगदी हलक्या हाताने, लाकडाला ओरखडा नाही. मी तिला सगळ्या मुलांपुढे उभे केले आणि निशाणी खोडणारा तो चोर असे सांगितले. ‘चोट्टी’ हा शब्द मीच वापरला. माझा आवाज तेव्हा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी नत्थू आला. टोपी हातात धरून ओसरीखाली उभा राहिला. म्हणाला, “साहेब, पोट्टी चोट्टी असती तं बैल वापस काहून आणला असता?”

मी त्याला नियम वाचून दाखवला.

६. पुढच्या वर्षी मी लोखंडाची डागणी करून घेतली आणि उरलेल्या चाळीस बैलांवर, पाट्यांच्या चौकटींवर, ठोकळ्यांच्या पेटीवर ‘धर्मादाय’ डागले. ही कल्पना माझीच. मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव यांनी सतरा वर्षांत एकच सूचना केली, की अक्षर मोठे असावे. ती डागणी त्यांना द्यावी. मंडळाच्या खोलीला माझे नाव देऊन संगमरवरी पाटी लावण्याचा त्यांचा विचार आहे. लावू नये. लावल्यास शरच्चंद्राने काढून टाकावी, आणि हे एवढे तरी त्याने करावे.

सतरा क्रमांक मी डागला नाही. पुरावा म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवला. असा मी माणूस होतो.

मुले कमी होत गेली. पहिल्या वर्षी चाळीसच्या वर होती, गेल्या वर्षी तीन आली, यंदा एकही नाही. वस्तीतली पोरे पुन्हा विटा ओढतात. विटेवरही भट्टीचे नाव असतेच, पण ते कोणी वाचत नाही.

७. चारुशीला १९८० च्या उन्हाळ्यात गेली. जाण्यापूर्वी म्हणाली, “त्या पोरीला एकदा भेटून या.” शोधायला वर्ष गेले, कारण नत्थूचे बिऱ्हाड वस्तीतून उठले होते. जयवंता हिंगण्याला सापडली. नवरा कारखान्यात पाळीवर जातो, कडेवर एक मुलगी. मी पिशवीतून बैल काढून तिच्यापुढे ठेवला आणि क्षमा मागितली. एवढ्या वयात प्रथमच मागत होतो, नीट जमली नाही.

तिने चहा केला. मग म्हणाली, “बैल मले याद नाई, काकाजी. तुमचा आवाज याद हाय. मंग शाळेतले पोट्टे चोट्टी चोट्टी करत, म्हून शाळाच सोडली मी.”

मी म्हणालो, हा तुझ्या मुलीला राहू दे. तिने मुलीचा बैलाकडे गेलेला हात धरून मागे घेतला. “नाई जी. लोक इचारतीन, कुठून आणला वं? मी काय सांगू? घेऊन जा.”

मी घेऊन आलो. परतीच्या बसमध्ये तो माझ्या मांडीवर होता.

८. देवरावाला विचारले, डागलेली अक्षरे निघतील का. त्याने बैल हातात फिरवून पाहिला. त्याला आता कमी दिसते, बोटांनीच पाहतो. म्हणाला, “लय खोल गेलं, नाझरसाहेब. रंधा मारला तं पोटच जाईन त्याचं.” नवे बैल करशील का, असे मी विचारले नाही. त्याच्या हातांकडे पाहूनच कळत होते, आणि त्याची मुले सुतारकामात नाहीत.

सबब, ते चाळीस बैल माझ्या सरणात घालावेत. सागवान आहे, चांगले जळेल. नंदी जाळू नये अशी हरकत भटजी घेतील. त्यांना सांगावे की यांना कोणी कुंकू लावलेच नाही. पाट्या व ठोकळे कोणी घेतल्यास द्यावेत. तीन शाळांत विचारले, तिन्हींनी चौकट पाहून परत केले.

९. राहिला सतरा. तेवढाच एक बैल असा आहे की तो घेऊन कोणतेही मूल कोणत्याही दारात मान वर करून जाऊ शकेल. तो तसा एका मुलीने केला आणि त्याबद्दल मी तिला शिक्षा दिली.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला मी तो दाराबाहेर पायरीवर ठेवून आत बसलो. कोणीतरी न्यावा म्हणून. अंधार पडायच्या सुमारास शेजारची मुलगी तो दोन्ही हातांनी धरून आत घेऊन आली. म्हणाली, “आजोबा, तुमचा बैल बाहेरच राहिला होता.” पोटावर काही नसूनही तो माझाच होता. या गल्लीत तो कोणी नेणार नाही.

म्हणून शरच्चंद्राने पुढच्या तान्ह्या पोळ्याला तो काटोलच्या बसने दूर न्यावा आणि मला कोणी ओळखत नाही अशा गावात, एखाद्या पारावर ठेवून परत यावे. नाव विचारू नये. लांबून पाहत थांबू नये. तो हे करील असे मला वाटत नाही, कपाटात ठेवून देईल. तरी लिहितो. कोणी मुलाने तो उचलला, तर त्याला चोट्टा म्हणू नये.

हे शेवटचे वाक्य कायद्यात बसत नाही, गाळा, असे वकील म्हणाले. मी गाळलेले नाही. बाकी सर्व मजकूर वाचून, समजून, पानोपान सही केली आहे. माझे नाव यापुढे एवढ्याच कागदावर राहावे.

स्थळ : महाल, नागपूर
दिनांक : २४ नोव्हेंबर १९८३

(सही) द. रा. हरकरे

आमच्या समक्ष सही केली :
साक्षीदार १. (सही) सिंधूताई माधव मुळे, शेजारीण, महाल
साक्षीदार २. (सही) रुपराव चंद्रभान ठाकरे, निवृत्त शिक्षक, महाल