साडेसातची बस

३१ ऑगस्ट २०२४, सांगली
भावी मुख्याध्यापकांच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमाचा शनिवारचा वर्ग. अठ्ठावीस वर्षं पेपरात बातमीदारी करताना मुदती पाळल्या, आता दुसऱ्यांना देते — मजा आहे!
आज काम दिलं: आपल्या शाळेत काहीतरी नवं सुरू करा. परवानगीची वाट बघू नका.
आकाराम उभा राहिला. सतरा वर्षं फौजेत, आता गुरुजी. ‘‘मॅडम, परवानगी मागायची न्हाई, याची लेखी ऑर्डर मिळंल का?’’
वर्ग हसला. तो हसला नाही. कडेगावजवळच्या वस्तीवरच्या त्याच्या शाळेत मुलं उरलीत नऊ. तीस सप्टेंबरला पटावर पंधरा नसली तर शाळा बंद.

५ सप्टेंबर
प्रस्ताव आले. टीव्ही, टीव्ही, रंगवलेल्या भिंती, टीव्ही. आकारामचा — इंग्रजी फलक. मी शेरा मारला, ‘पालकांना विचारलंत?’

१४ सप्टेंबर
आकाराम विचारून आला. पोरं खासगी शाळेच्या बसने का जातात, ते वस्तीवरच्या शालूबाईंनी खुरपं हातात घेऊनच सांगितलं म्हणे —
‘‘आवं गुरुजी, इंग्रजीचं काय घिऊन बसलाय? बस साडेसातला येती. आमी आठला रानात भांगलायला जातो. तुमची शाळा साडेदहाला. तवर पोरगं झाडाला बांधू व्हय?’’
सगळे टीव्ही एका दमात बंद.

१८ सप्टेंबर
आकाराम सात वाजताच शाळेच्या व्हरांड्यात. वस्तीवरचे पाच निवृत्त जवान आळीपाळीने मदतीला. कवायत, गोष्टी, पाढे. ऑर्डर कुणाचीच नाही. त्याला रात्री झोप लागत नाही म्हणतो.
बसचा ड्रायव्हर गुंडा रोज वेग कमी करून चिडवतो — ‘‘काय फौजी, पलटण लय बारकी हाय की गड्या!’’ शेजारी बसलेली त्याची मुलगी क्रांती मात्र मान मोडेपर्यंत मागे बघत राहते.

२४ सप्टेंबर
बारा.

२८ सप्टेंबर
चौदा! एक कमी. शालूबाई म्हणतात, ‘‘पावण्याचं एक पोर आणू का चार दिस?’’ आकाराम म्हणाला, ‘‘खोटं नाव लिवणार न्हाई.’’ बरोबर आहे त्याचं. पण माझाच जीव टांगणीला.

३० सप्टेंबर
सकाळीच फोन. साडेसातची बस आज आकारामच्या शाळेसमोर थांबली. गुंडाने क्रांतीला उतरवलं, तिचं दप्तर तिच्या हाती दिलं, आणि उरलेली पोरं घेऊन वेळेत पुढे गेला.