हॅम्बुर्गमधले पन्नास तास

९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
क्रूझचं नक्की झालं. बुर्गीने मला विचारून बुक केली. म्हणजे आधी बुक केली, मग विचारलं. ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी सहाला जहाज हॅम्बुर्गहून सुटणार. इंग्लंड, फ्रान्स आणि परत. आठ दिवस. दोन दिवस आधी जाऊन हॅम्बुर्ग बघायचं, असंही तिनेच ठरवलं.
लग्नाला एकतीस वर्षं झाली. बव्हेरियाच्या बाहेर आम्ही दोघं चारदा गेलो, त्यात दोनदा अंत्यविधीला. दरवेळी ऐनवेळी माझं काहीतरी निघतं, असं बुर्गीचं म्हणणं. या वेळी काही झालं तरी मी जाणार, म्हणाली. मी म्हटलं, अर्थात, आपण जाणार. ती म्हणाली, मी ‘मी’ म्हटलंय.
आनंद व्हायला हवा होता. रिटायर झाल्यापासून मला फारसं काही वाटत नाही. भूक लागते, झोप येते. बाकी ठीक.
हॅम्बुर्गचा प्लॅन मात्र मी करणार. चौतीस वर्षं गावच्या नागरिक कार्यालयात पासपोर्टच्या काउंटरवर काढली आहेत. दोन दिवसांचं नियोजन म्हणजे डाव्या हाताचा मळ.

१४ सप्टेंबर, शनिवार
तक्ता तयार. २९ तारखेला दुपारी दोनला स्टेशनवर, ३१ला दुपारी चारला जहाजात. पन्नास तास. झोप, आंघोळ, नाश्ता वजा जाता एकतीस. ठिकाणं सव्वीस.
बुर्गीला विचारलं, तुझं काही? तिला फक्त नदीखालच्या जुन्या बोगद्यातून चालत पलीकडे जायचंय आणि तिथून शहर बघत बसायचंय. किती वेळ, विचारलं. कंटाळा येईपर्यंत, म्हणाली.
चौदा मिनिटं दिली.

२३ सप्टेंबर, सोमवार. दुपारी
पासपोर्ट मार्चमध्येच संपलाय. माझा. बुर्गीचा २०३१पर्यंत आहे.
घाबरण्याचं कारण नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत इंग्लंडला नुसतं ओळखपत्र चालायचं. आता चालत नाही, हे मला माहीत आहे. लोकांना मीच सांगत असे. नवा पासपोर्ट पाच-सहा आठवड्यांत येतो. आज अर्ज केला तर कसाबसा बसेल.
प्रश्न कार्यालयात जाण्याचा आहे. माझ्या खुर्चीवर आता क्रायटमायरबाई बसतात. त्यांना मीच शिकवलं. उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला मी एक वाक्य ऐकवत असे: पासपोर्ट संपल्यावर जागा होणारा माणूस प्रवासाच्या लायकीचा नाही. माझ्या निरोप समारंभात बाईंनी ते केकवर लिहून आणलं होतं. सगळे हसले होते, मीही हसलो.
आज जात नाही. सोमवारी गर्दी असते.
मघाशी जेवताना बुर्गीने विचारलं, कागदपत्रं सगळी आहेत ना? आहेत, म्हटलं. आहेतच. एक संपलंय इतकंच.

२ ऑक्टोबर, बुधवार
कार्यालयापर्यंत गेलो. काचेतून बघितलं. बाईंसमोर बेकरीवाला होता, ज्याला मी दोनदा परत पाठवलं होतं. तसाच बेकरीत गेलो, पाव घेतला, घरी आलो.
साधा पासपोर्ट आता येणार नाही. तातडीचा येईल. काळजी नाही. उद्या देशभर सुट्टी, परवा मधला दिवस, मग शनिवार-रविवार. सुट्ट्या मला तोंडपाठ आहेत, कॅलेंडर बघावं लागत नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी १०.४०
उत्तम मार्ग सापडला. तात्पुरता पासपोर्ट एका तासात मिळतो, तोही कुठल्याही शहरात. आपल्या गावच्या कार्यालयाने तिकडे होकार कळवला की झालं. बाई कळवतील, पण फोनवर. समोर उभं राहायला नको. हॅम्बुर्गमध्ये मला ओळखतं कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची.
तक्त्यात घातलं: ३१ ऑक्टोबर, गुरुवार, ९.०० ते १०.००, ‘केस कापणे’. ३०ला जागा नाही, त्या दिवशी अकरा ठिकाणं आहेत.
बुर्गीने पुन्हा विचारलं, पासपोर्ट वगैरे एकदा बघून ठेवायचे का? बायकांना विश्वास ठेवणं जड जातं. कपाट माझं, चावी माझी, म्हटलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग भांडी आवरायला गेली.

२७ ऑक्टोबर, रविवार
आज घड्याळं तासभर मागे. एक तास फुकट मिळाला. झोपलो.
तक्ता लॅमिनेट केला. दोन प्रती. बुर्गीने तिची प्रत फ्रिजवर लावली आणि तिथेच राहू दे म्हणाली.
या वेळी तिने सामान दोन वेगळ्या बॅगांत भरलं. तिचं तिच्या, माझं माझ्या. एरवी एकच मोठी बॅग असते. माझी शिस्त तिच्यात उतरली, उशिरा का होईना. झिप लावताना तिने विचारलं, लेओ, मला काही सांगायचंय का तुला? मी सांगितलं, गाडी ७.५२ची आहे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. हॅम्बुर्ग
गाडी दोन तास दहा मिनिटं उशिरा. पहिली चार ठिकाणं गेली. उद्याच्या चहाच्या वेळेत बसवली.
हॉटेल ठीक. खिडकीतून क्रेन दिसतात. बुर्गी म्हणाली, किती सुंदर. मी बघितलं. क्रेन होत्या.

३० ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी
छोट्या आगगाड्यांच्या प्रदर्शनाला तिकीट आधी काढावं लागतं. लाइनीत उभा राहिलो. तक्त्यात होतं म्हणून. दोन तास वीस मिनिटं. बुर्गी पंधरा मिनिटं थांबली, मग येते म्हणून निघून गेली. मी आत पोचलो तेव्हा तिथलं खेळण्यातलं छोटं हॅम्बुर्ग बघायला वीस मिनिटं उरली होती. खरं अजून बघायचं होतं.
ती हॉटेलवर भेटली. बोगद्यातून चालत पलीकडे गेली होती. सव्वातीन तास बाकावर बसून होती. शेजारी एक जहाजदुरुस्तीवाले आजोबा बसले होते, त्यांनी अर्धा मासा-पाव दिला. नाक लाल झालं होतं आणि हसत होती. ‘मोइन’ म्हणायला शिकली, म्हणाली, इकडे दिवसभर कोणी भेटलं की तेच म्हणतात. आमच्याकडे देवाचं नाव घेतात.
सव्वीसपैकी तीन ठिकाणं झाली. उद्या सकाळी केस कापणे. मग सगळं सुरळीत.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. हॉटेलची लॉबी. दुपारी २.००
क्रमाने लिहितो.
८.५० : कार्यालयापाशी पोचलो. रस्त्यावर कोणी नाही. हे शहर उशिरा उठतं, असं वाटलं.
९.०० : दार उघडलं नाही.
९.१५ : कुत्रं फिरवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आज सुट्टी ना. ल्यूथरची. तुम्ही कुठले?’ बव्हेरियाचा, म्हटलं. ‘मग बरोबर. तुमची उद्या असते, सगळ्या संतांची.’ कुत्र्याने माझ्या बुटाचा वास घेतला.
चौतीस वर्षं मी ज्या सुट्ट्यांवर जगलो, त्या आमच्या होत्या. आम्ही कॅथलिक. ३१ला काम आणि १ला बंद. इथले प्रोटेस्टंट. इथे ३१ला बंद आणि १ला काम. दुसरीकडे दुसरं कॅलेंडर असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.
९.३० : क्रायटमायरबाईंना फोन केला. तिकडे चालू होतं. बाई फार चांगल्या बोलल्या. ‘श्टाडलरसाहेब, मी आत्ता होकार पाठवते. पण तिकडे घेणारं कोण आहे? आणि उद्या ते उघडतील तर आम्ही बंद.’ केकवरचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.
१०.१० : हॉटेलवर आलो. बुर्गी नाश्ता करत होती. तिने माझ्या डोक्याकडे बघितलं. ‘न्हावीही बंद असतील ना आज,’ म्हणाली.
मी बसलो. तिने माझ्यासाठी कॉफी ओतली.
‘सप्टेंबरातच बघितला होता मी तुझा पासपोर्ट,’ ती म्हणाली. ‘तू कपाटाची चावी नेहमी कपाटालाच ठेवतोस.’
मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं. खरं तर मला रागवायचं होतं, पण राग आला नाही.
‘तीनदा विचारलं, लेओ. तू सांगितलं असतंस तर मी तुझ्याबरोबर त्या काउंटरवर उभी राहिले असते. कोण हसतंय ते बघितलं असतं.’
मी म्हटलं, दोघंही घरी जाऊ, पुढच्या वर्षी बघू. ती म्हणाली, ‘नाही.’
१.२० : बंदर. तिथल्या मुलीला माझं ओळखपत्र दाखवलं, नियमावली समजावली. तिने हसून नाही म्हणून मान हलवली. मीही चौतीस वर्षं अशीच हलवली. बुर्गीने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि बॅग ओढत आत गेली. दार आपोआप बंद होतं तिथलं. वळून बघेल म्हणून पाच मिनिटं थांबलो. मग सात.
काही वाटलं नाही. पाय गार पडले होते.

४ नोव्हेंबर, सोमवार
कार्यालयात गेलो. टोकन घेतलं, सतरा नंबर. बाईंनी फॉर्म भरला. तातडीचा हवा का, विचारलं. कुठे जायचंय? सध्या कुठेच नाही, म्हटलं. मग साधाच करू, म्हणाल्या. डिसेंबरच्या मध्यावर येईल.
वाटेत विचार केला. हे एका अर्थी बरंच झालं. आता दहा वर्षं बुर्गीला तक्रारीला जागा नाही. पुढचा प्लॅन आत्ताच सुरू करायला हवा.

६ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ६.३५
बुर्गीचा फोन. वारा ऐकू येत होता. तब्येत विचारली, फ्रीजरमधलं सूप संपव म्हणाली. मग म्हणाली, जहाजावरच मे महिन्याची नॉर्वेची क्रूझ बुक केली. आधी हॅम्बुर्गमध्ये तीन दिवस.
मी लगेच सांगितलं, माझा पासपोर्ट डिसेंबरात येतोय. स्वतः जाऊन अर्ज केला, काउंटरवर. ती म्हणाली, खरंच चांगलं केलंस. तीन दिवसांचा तक्ता मी आजच करायला घेतो, म्हटलं. केबिन कुठल्या बाजूची आहे?

‘एकटीची आहे, लेओ.’
आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं. जेवायला बोलावताहेत, म्हणाली, आणि फोन ठेवला.
मी टेबलापाशी बसलो आणि मला रडू आलं. किती वेळ ते बघितलं नाही. सूप गॅसवर होतं, खाली लागलं. वरवरचं तेवढं खाल्लं.