पहिल्या पसंतीची स्टॉपर

७ डिसें., रविवार

आज मुलींच्या फुटबॉल लीगच्या चिठ्ठ्या झाल्या. मैदानाच्या खोलीत स्टीलचा डबा, डब्यात नव्या मुलींची नावं, सहा संघांच्या सहा कप्तान भोवती. आधी प्रत्येक संघाला एकेक पसंती, मग हात घालायचा आणि नशीब. पसंतीत आमचा नंबर पहिला लागला. वैशालीने, म्हणजे आमच्या कप्तान आणि गोलकीपरने, पसंती खर्च केली ती एका स्टॉपरवर, गोलसमोर मधोमध राखण करणारीवर. मुलीचं नाव मोनाली. वीस वर्षांची, दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली, इथे जळगावात नर्सिंगला, होस्टेलवर राहते.

बाहेर आल्यावर जो गदारोळ झाला! आमच्या संघाचे सभासद-पाठीराखे म्हणजे नाना, मी आणि नानांच्या मागे माना डोलावणारे नऊ जण. नाना पाइप कंपनीतून निवृत्त झाले, पण सुपरवायझरपण काही उतरलं नाही.

"मागच्या वर्षी गोल किती मारले आपण? मोजायला एक हात पुरतो. गोल मारणारी पाहिजे का भिंत पाहिजे?"

मी म्हटलं, नाना, खाल्ले किती ते मोजायला हातांची बोटं पुरत नाहीत, चपला काढा.

हसले सगळे. नाना नाही हसले.

मी कॉन्व्हेंटात हॉकीला फुलबॅक होते. शाळेच्या अंकात फोटो छापून यायचा तो गोल मारणारीचा. फुलबॅकला कोणी विचारत नाही हे मला कोणी शिकवायला नको. या मुलीच्या मागे मी उभी राहणार.


९ डिसें., मंगळ.

सकाळी सरावाला गेले. थंडी कडक. मोनालीला पाहिलं. ठेंगणी, रुंद खांद्यांची. पळते बेतानेच, पण पळावं लागतच नाही तिला. बॉल येणार तिथे आधीच उभी असते. आणि आवाज! या गोलपासून त्या गोलपर्यंत.

"मांगे ये! मांगे ये वं! तिले सोडू नको! कथी जाई राहिनी तू?"

शुद्ध अहिराणी. 'कुठे' नाही, 'कथी'. बाकीच्या मुली बरोबर हलत होत्या. पण कुंपणाशी आमची मंडळी चहा पीत उभी, त्यातला एक नक्कल करायला लागला, "कथी जाई राहिनी वं!" आणि बाकीचे खिदळले. घरी स्वतःच्या आईशी हेच बोलत असतील. मला संताप आला.

सराव संपल्यावर मोनालीला बाजूला घेऊन दोन शब्द समजावून सांगितले. इथे शहरात खेळायचंय, चार लोक बघतात, तर मैदानावर नीट मराठीत बोल, स्पष्ट बोल, म्हणजे कोणाला हसायला जागा राहणार नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक लाइनवर होते, बोलावं कसं हे मला कळतं. मुलगी गुणी. "हो मॅडम" म्हणाली.

वै.कडून कळलं ते असं, की वडील मुळात खेळायला पाठवायला तयार नव्हते. एका हंगामाची कबुली दिलीय, तीही मुलगी निवडून घेतली म्हणून. इथून कोणी नको म्हणून परत पाठवली, तर मैदान कायमचं बंद.


१४ डिसें., रविवार

एरंडोलविरुद्ध. १-३ हरलो.

मोनाली सबंध सामनाभर तोंड मिटून होती. दोन गोल असे झाले की वै. पुढे धावली, मोनालीही धावली, दोघी एकमेकींवर आदळल्या आणि एरंडोलच्या पोरीने बॉल चालत चालत आत नेला. चालत!

नाना: "मुकी शे का पोरगी?"

मी म्हटलं, पहिला सामना आहे, तुम्ही पहिल्या दिवशी कंपनीत काय दिवे लावले होते ते सांगा.

उत्तर दिलं खरं, पण गोष्ट मलाही खटकली. मंगळवारी केवढी गर्जत होती. घाबरली असेल.


१५ डिसें., सोम.

ग्रुपवर सकाळपासून एकशे चाळीस मेसेज. अर्धे सुप्रभात, अर्धे मोनाली. "पहिली पसंती वाया." "पाय जड." "वजन बघा." वजनावर मी लिहिलं की ज्या गृहस्थाने हे लिहिलंय त्यांनी आरशासमोर उभं राहावं, आरसा मोठा लागेल. गृहस्थ ग्रुप सोडून गेले. संध्याकाळी परत आले.

मैदान नीट नाही, गवताचे गठ्ठे. प्रशिक्षकांना मागच्या चौघींची रांग लावता येत नाही. पंच एरंडोलचा मेहुणा असावा. एकट्या मोनालीचं नाव का?


२१ डिसें., रविवार

भुसावळशी २-२. दोन गोलांनी पुढे होतो! शेवटच्या दहा मिनिटांत दोन्ही गेले, आणि दोन्ही मोनाली व वै.च्या मधल्या जागेतून. मोनाली जागेवर बरोबर होती. पण बाकीच्या तिघींना कळतच नव्हतं की ही कुठे आहे आणि आपण कुठे जायचं. ती नुसते हात करते. पाठ करून धावणारीला हात दिसणार कसे?

सामना संपल्यावर तिथेच सभा भरली. नियम असा की तीन सामने झाले की सभासदांच्या बहुमताने नवी मुलगी डब्यात परत टाकता येते, आणि तिच्या जागी दुसरी चिठ्ठी काढता येते. नानांना तिसऱ्या सामन्याचीही वाट बघायची नव्हती. "काय बाकी राहिलं पाहायचं?" मी म्हटलं, नियम तीनचा आहे, नाना, तुमच्या घाईने दोनाचे तीन होत नाहीत.

अकरा सभासद. माझ्या बाजूने मी धरून तीन. पुढच्या रविवारनंतर त्या मुलीला मैदान कायमचं...

डोकं दुखतंय. वरण-भात केला आणि झाकून ठेवला.


२३ डिसें., मंगळ.

वै. घरी आली. बसेना. उभ्या उभ्या म्हणाली, "अक्का, रागावू नका, पण मोनाली ओरडत नाही ना, ते तुमच्यामुळे."

मी म्हटलं, माझ्यामुळे?

"तुम्ही तिला अहिराणी नको म्हणालात. ती आधी मनात मराठीत जुळवते, मग बोलायला जाते, तोवर बॉल गेलेला असतो. मग तिने बोलणंच सोडलं. मी सांगून पाहिलं. म्हणते, मॅडमना शब्द दिलाय."

चहा ठेवते म्हणून आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले. बाहेर आले तर वै. गेलेली. बरं झालं.

पंधरा दिवस मी जगाला शिव्या घातल्या. गवताला, पंचाला, नानांना.

कॉन्व्हेंटात आम्ही मराठी बोललो तरी सिस्टर फळ्याकडे तोंड करून उभं करायच्या, मग अहिराणी कुठली. माझी माय एरंडोलकडची. पालक-दिवसाला ती आली तेव्हा मी तिला फाटकाशीच सांगितलं होतं, आत कोणाशी बोलू नको. ती बोलली नाही. हे लिहायचं नव्हतं.


२४ डिसें., बुध.

सकाळी लवकर मैदानावर गेले. मोनाली एकटीच बुटाच्या नाड्या बांधत होती. मी येताना वाक्यं तयार केली होती. चांगली होती. एकही आठवलं नाही. तिच्याशेजारी पायरीवर बसले (गुडघे!) आणि तोंडातून निघालं ते हे:

"मन्हं चुकनं. तुले जसं येस तसं वरड."

"मॅडम, तुमले अहिरानी येस?"

"येस. मन्ही माय एरंडोलकडली व्हती."

ती हसायला लागली. "तुमी मन्ही आजीनामायक बोलतस." पन्नास वर्षं न बोललेली भाषा, आजीसारखी नाही तर कशी असणार.

मग मराठीत म्हणाली, सावकाश, एकेक शब्द ठेवत. कॉलेजातही सगळे हेच सांगतात, मॅडम, तिथे मी ऐकत नाही. तुमचं ऐकलं, कारण तुम्ही माझ्यासाठी भांडत होतात.

मी म्हटलं, नाडी नीट बांध, सुटेल.

ओरडणार का नाही ते तिने सांगितलं नाही.


२८ डिसें., रविवार

०-०.

जळगावच्याच दुसऱ्या संघाविरुद्ध. त्यांच्याकडे मागच्या वर्षी सगळ्यात जास्त गोल मारणारी मुलगी आहे.

पहिली दहा मिनिटं मोनाली गप्प. मी रुमाल पिळत होते. दोनदा बॉल आमच्या गोलच्या खांबाला लागून गेला. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघा." मग तिसऱ्यांदा त्यांची ती गोलवाली बॉल घेऊन आत आली, आमची डावीकडची नेहमीप्रमाणे भलतीकडे निघाली, आणि मैदानभर आवाज घुमला:

"ओ माय, कथी चालनी! मांगे ये! वैशालीताई, तुमी जागावरच ऱ्हावा, मी शे!"

मी शे. आणि होतीच ती. बॉल असा काढून घेतला, जसं भाकरी तव्यावरून काढावी.

पुढे तासभर तोंड बंद नाही. चौघी एका दोरीत. कुंपणाशी पुन्हा नक्कल सुरू झाली, पण या वेळी नक्कल करणारेही "मांगे ये! मांगे ये!" म्हणत आमच्या पोरींना खरोखरच मागे बोलावत होते. हसत होते की घाबरले होते, त्यांचं त्यांना माहीत.

शेवटी शिट्टी झाली तेव्हा गोल पाहिजे, गोल पाहिजे म्हणणारी ही मंडळी शून्यावर नाचत होती. नानांनी कोणाची तरी टोपी उडवली. मी खाली बसले आणि पाण्याची अख्खी बाटली प्यायले.


२९ डिसें., सोम.

सभा. मोनालीला ठेवायचं की डब्यात टाकायचं.

नाना म्हणाले, एक सामना चांगला गेला म्हणून दोन वाईट विसरायचे का? प्रश्न रास्त होता, हे मला कबूल करावं लागलं, आणि त्याचं उत्तर माझ्याशिवाय कोणाकडे नव्हतं. उभी राहिले. सांगितलं की पहिल्या दोन सामन्यांत ती गप्प होती ते माझ्यामुळे. मी तिला तिच्या भाषेत बोलू नको म्हटलं होतं. त्या गोलांचा हिशेब तिच्या नावावर नको, माझ्या नावावर धरा.

नाना: "अक्का, तुम्ही आणि चूक? कोणी लिहून ठेवा रे, तारीख टाका."

हसले सगळे. मीही हसले असते, पण नानांना ते समाधान कशाला.

मग नाना, खाली बघत, "मन्ही नात शे इंग्रजी शाळामां. तिलेबी मी हाईच सांगस," म्हणाले. एवढंच. आणि हात वर केला. पहिला हात त्यांचा. अकरापैकी दहा. एक राहिला तो वजनावर लिहिणारा गृहस्थ, त्याचं मत मी धरत नाही.

राहिली. आमची राहिली.

घरी येऊन भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली, दोन वेळचं जेवण एका वेळी जेवले.


४ जाने., रविवार

धुळ्याला गेलो, धुळ्याविरुद्ध. बसमध्ये मुलींनी गाण्यांनी डोकं उठवलं. चालायचंच.

मोनालीचे वडील आले होते. आबा. पांढरा सदरा, हातात टोपी, मैदानाच्या कडेला सगळ्यांपासून लांब उभे. मुलीचा सामना पहिल्यांदाच बघत होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले. नमस्कार झाला. हंगामाची परवानगी याच माणसाच्या खिशात, आणि पुढच्या वर्षीची अजून कोणीच मागितलेली नाही.

पहिला अर्धा भाग आबा खांबासारखे. दुसऱ्या भागात धुळ्याची एक उंच पोरगी मोनालीच्या मागून सुटली आणि आबांना राहवलं नाही. "मांगे देख, मोना! मांगे!"

मोनालीने मान न वळवता, पळता पळता सगळ्या धुळ्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "आबा, माले दिखी राहिनं! तुमी गप बठा बरं!"

आणि बॉल काढून घेतला.

दोन्ही बाजूंचे लोक हसले. धुळ्याचेसुद्धा. मला वाटलं, झालं, चार लोकांत बापाला गप्प बसवलं, आता ही घरी. आबांचा चेहरा लाल. पण ते खरोखरच खाली बसले, मातीत, मांडी घालून, आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. १-० जिंकलो. गोल कोणी मारला ते नाना सांगतील, मी तिकडे बघत नव्हते.

नंतर आम्हा दोघांना चहा मिळाला. मी विचारलं, त्यांच्याच भाषेत, "आबा, पुढला वरीसबी धाडशात ना पोरले?"

त्यांनी कप संपवला. पोरीकडे बघितलं. ती वै.शी काहीतरी जोरजोरात भांडत होती, हसत हसत, जागा कोणाची होती यावर.

"घरमां कधी इतली बोलत नही," म्हणाले.

मी म्हटलं, मग?

"देखसूत." बघू म्हणे.

टोपी घातली आणि दोंडाईच्याच्या गाडीकडे चालायला लागले. थोडं जाऊन थांबले, वळले, आणि पुढचा सामना कुठे आहे ते विचारलं.