तिसऱ्या ओळीला खाली येणारं गाणं

बाबा, काल तुमचं ते रडकं गाणं ऐकलं. ज्याचं आहे त्याच्या तोंडून, आयुष्यात पहिल्यांदा.

त्या गायकाची गाजलेली गाणी सगळी दुनिया म्हणायची. तुम्ही मात्र त्याच्या उतारवयातलं, कोणी न विचारलेलं विरहाचं एकच गाणं धरून बसला होता. गोंदियाहून आणलेली कॅसेट, मी बाहेरगावी काम शिकत असतानाच, महिन्याभरात टेपनं खाऊन टाकली, पण तोवर तुमचं गाणं पाठ झालं होतं. मग मलाजखंडच्या खाणीत डंपर चालवताना, आंघोळ करताना, कांदा चिरताना तेच: ती निघून गेली, घर सुनं झालं. आई बाजूला तांदूळ निवडते आहे. म्हणते, "मी तं अठीच हाओ. गेली कोन?"

"गानं आहे वो ते."

"गानं आहे, तं डोये काहून पुसून राह्यले?"

"कांदा चिरून राह्यलो ना!"

तिसऱ्या ओळीला सायकलची चेन उतरावी तसे तुम्ही खाली यायचे. मी बालाघाटात साउंडचं दुकान नुकतंच टाकलं होतं. कोणता स्पीकर फाटला ते डोळे मिटून सांगायचो. मी म्हणालो, "बाबा, अठी सूर पडते." तुम्ही म्हणाले, "पडत नाही, तो असाच म्हनते." एवढा मोठा माणूस बेसूर कसा म्हणेल, विचारलं, तर म्हणाले, "जाय, त्यालेच इचार."

मग बहिणीचं लग्न. नवरी-नवरदेव स्टेजवर, लामत्याहून आलेली वरातीमंडळी समोर, आणि तुम्ही माइक धरून सांगताय की ती गेली. नवरदेवाचा मामा घाबरून माझ्याजवळ आला, "काहो, नवरी तं तेच बसली ना? मंग भागली कोन?" मंडपात अर्ध्या जिल्ह्याचे मंडपवाले बसलेले, माझं उद्याचं गिऱ्हाईक. साउंडवाल्याचा बाप बेसूर, हे त्यांनी ऐकलं असतं तर दुकान बसलंच असतं. तिसरी ओळ आली आणि मी माइकची पिन ओढली. ओरडलो, "लाइट गेली!"

वर पंखे गरगर फिरत होते. तुम्ही पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हौ, गेली," म्हणाले, आणि बुंदी वाढायला लागले.

त्यानंतर तुम्ही गायला नाहीत, कांदा चिरतानासुद्धा. आईनंच एकदा विचारलं, "तुमची ते गेलेली बाई आता याद येत नाही का?" तुम्ही हसून पुढचा कांदा घेतला.

काल नवे स्पीकर तपासताना दुकानातल्या दुरुस्तीच्या मिस्त्रीनं फोनवर कुठूनसं ते गाणं लावलं. मिस्त्री माझ्याच वयाचा, कानाचा पक्का. तिसरी ओळ आली आणि तो गायक खाली आला. त्याच जागी, तेवढाच. घाट चढताना म्हातारा माणूस दगडावर टेकतो तसा तिथं थोडा टेकला आणि उठला, आणि पुढची ओळ अशी लागली की माझ्या अंगावर काटा आला. मी तीनदा ऐकलं. तुम्ही जसंच्या तसं उचललं होतं, बाबा. चूक माझ्या कानाची होती.

मिस्त्री म्हणाला, "भैया, सिंगर यहाँ बेसुरा हो गया ना?"

बेसूर नाही, तो असाच म्हणतो, हे सांगायला पाहिजे होतं. म्हणूनच हे लिहायला बसलो, आणि तुम्ही आता नाहीत, हे कुठं जाणार नाही हे माहीत आहे म्हणून खरं लिहितो. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, "हौ, उमर हो गई थी," आणि चहा सांगितला.