केनरला हाक

२ सप्टेंबर

पोचलो एकदाचे लुसमिलाच्या माहेरी, पुएर्तो लिबानोला. होडीच्या इंजिनानं कान अजून भणभणतायत. लुसमिलाला हात धरून उतरवलं तर तिची आई धक्क्यावरच उभी. म्हणाली, आधी पोट उतरलं, मग पोरगी उतरली, आणि हे मागचं गाठोडं कुणाचं? आपले जावई नेइसर होय! सगळे हसले. माझी मान वर होईना, पण आतून बरं वाटलं. कुणी आपलं समजून चिडवून बरेच दिवस झाले होते.

घर नदीकाठी, खांबांवर. खाली कोंबड्या, वर आम्ही. छप्पर ताडाच्या पानांचं, जुनं झालंय. मागे केळी आणि युका कंदाचं शेत, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडे दलदलीचं रान. सासूला मी मामी म्हणायचं असं ठरलं. तिनं भाजलेला मासा आणि उकडलेली केळी इतकी वाढली की उठवेना. नाही म्हणायचं होतं, पण ते तरी कुठं बोलवतं मला.

मुका नाहीये मी. चार माणसं बघत असली की घसा बंद होतो, एवढंच. शाळेत उभं करून वाचायला लावायचे, म्हणून तर शाळा सोडली. लुसमिला म्हणते, बोलत नाहीस तर निदान लिही, नाहीतर फुटशील एक दिवस. म्हणून ही वही. लिहितानाही चुका होतात, पण वही हसत नाही.

१४ सप्टेंबर

मेव्हणा हार्लिन आणि त्याचा दोस्त टेडी मला मासे धरायला नेतात. संध्याकाळी मैदानात फुटबॉल. बॉल पायात असला की बोलावं लागत नाही, म्हणून मला आवडतं. टेडी म्हणतो, हा आपला मुका गडी पायानंच बोलतो.

बाळासाठी झोळी विणतोय. मामीनं दोनदा उसवायला लावली. म्हणाली, ही काय माशांची जाळी आहे का, नातू खालून गळून कोंबड्यांत पडेल.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. घरात कुणी नसलं की मी लुसमिलाच्या पोटाला तोंड लावून बोलतो. तिथं घसा बंद होत नाही. नदीचं सांगतो, बोटींचं सांगतो, वाट्टेल ते. मी बोलायला लागलो की आतून लाथ बसते. थांबलो की थांबते. लुसमिला म्हणते, ओळखतो तुला. जन्माच्या आधी ओळखणारा हा पहिलाच.

३ ऑक्टोबर

आज मामीनं समोर बसवून नियम सांगितले. बाळ झालं की बापानं फुटबॉल खेळायचा नाही, प्रत्येक लाथ बाळाच्या पोटात बसते. जड कुऱ्हाड चालवायची नाही. आणि रानात शक्यतो जायचंच नाही.

कारण म्हणे, नवं बाळ झोळीत असतं, पण त्याचा जीव बापाच्या मागे मागे फिरतो. दिसत नाही. बाप गेला रानात की तोही जातो. म्हणून जावंच लागलं, तर पाणी लागेल तिथं एक काठी आडवी टाकायची, त्याला पूल म्हणून. आणि परत निघताना बापानं मोठ्यानं नाव घेऊन हाक मारायची, चल, घरी जाऊ. नाहीतर तो तिथंच खेळत राहतो.

मी मान हलवली. मामी म्हणाली, अरे मान काय हलवतोस, ते रानात काय तुझी मान बघायला बसलंय? हाक मोठ्यानं मारायची. सगळे हसले. मीही हसलो.

१९ ऑक्टोबर

मुलगा!

पहाटे झाला. मामीनं नाळ कापली. आधी रडेना. मी जिन्यात बसलो होतो. मग असा रडला, असा रडला की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. मामी म्हणाली, देवा, बापाचा सगळा साठलेला आवाज यानं घेतलाय.

नाव केनर. लुसमिलानं आधीच ठरवलं होतं. माझ्या हातात दिला तेव्हा मी हळूच म्हटलं, केनर. रडायचा थांबला. डोळे उघडून माझ्याकडं वळला. शपथ, वळला.

लुसमिलाला कोंबडीचा रस्सा मी स्वतः भरवला. ती म्हणाली, रडतोयस का? मी म्हटलं धूर झालाय. चूल तर विझलेली.

२८ ऑक्टोबर

मी नियम पाळतोय. मैदानाच्या कडेला बसतो. पोरं ओरडतात, बाळंतीण आली रे, बाळंतिणीला सावलीत बसवा! हार्लिननं मला ओढणी आणून दिली डोक्याला बांधायला. मी नुसता हसतो. त्यांना काय माहीत. संध्याकाळी केनर माझ्या छातीवर झोपतो, त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली बरोबर मावतं. अजून काय पाहिजे.

छप्पर मात्र झोळीच्या बरोबर वर गळायला लागलंय. झोळी सरकवली, तिथंही गळतं.

५ नोव्हेंबर

आज छपरासाठी ताडाची पानं आणायला रानात गेलो. जावंच लागलं, काल बाळाचं अंथरूण भिजलं. मामी म्हणाली जा, पण सांगितलेलं विसरू नकोस.

जाताना प्रत्येक पाण्यावर काठी टाकली. हार्लिन आणि टेडी पुढं होते. मागे कुणीतरी आहे असं वाटत होतं, पण भीतीचं नाही, छान. कुणीतरी आपल्या पाठीकडं बघत येतंय तसं.

भारे बांधले. निघताना हार्लिन थांबला. म्हणाला, मार हाक, आम्ही थांबतो. थट्टा नव्हती करत तो. खरंच थांबला. दोघं माझ्या तोंडाकडं बघत उभे. टेडीला जरासं हसू आलं, त्यानं दाबलं.

घसा बंद.

मी म्हटलं, मघाशीच मारली, तुम्ही भारे बांधत होता तेव्हा. आणि मनातल्या मनात म्हटलं, चल केनर, घरी जाऊ. देवाला नाही का मनातलं ऐकू जात?

घरी मामीनं विचारलं, मारलीस हाक? मी हो म्हटलं. येताना पाठीमागं काही वाटत नव्हतं, पण पाठीवर भारा होता ना, कसं कळणार.

७ नोव्हेंबर

छप्पर झालं. आता थेंब येत नाही.

केनर शहाण्यासारखा वागतोय. कालपासून रडलाच नाही. लुसमिला म्हणते, बघ, कोरडं मिळालं तर खूश आहे. पितो, पण थोडंसं. डोळे उघडे असतात.

मी नाव घेतो तर वळत नाही. दमला असेल.

९ नोव्हेंबर

अजून रडत नाही. आज दुपारी तोंड उघडलं, चेहरा लाल केला, हातपाय झाडले, अगदी रडतात तसं. आवाज नाही. काहीच आवाज नाही.

आणि तेव्हाच ओढ्यापलीकडून, रानातून, बाळाचं रडणं आलं.

मामीच्या हातातली सुरी खाली पडली. लुसमिला म्हणाली, शेजारच्यांचं असेल. शेजाऱ्यांकडं बाळ नाही. केनरनं तोंड मिटलं. रानातलं रडणंही थांबलं.

मामी माझ्याकडं वळली. पुन्हा विचारलं, हाक मारली होतीस ना रे बाबा? नक्की?

मी हो म्हटलं. पुन्हा. का म्हटलं मी?

१० नोव्हेंबर

गावच्या दवाखान्यात नर्सला दाखवलं. तिनं नीट तपासलं. ताप नाही, छाती चांगली, पण वजन उतरतंय. म्हणाली, शहरात मोठ्या डॉक्टरकडं न्या, मोठी बोट चार दिवसांनी येईल. तोवर चमच्यानं दूध पाजा.

चमच्यानं पाजलं. ओठांच्या कडेनं सगळं बाहेर.

मी एकटा ओढ्यापर्यंत गेलो. अलीकडून हळू आवाजात हाक मारली. पलीकडं चिखल आहे. चिखलात तळहात उमटलेत. एवढेसे. माझ्या अंगठ्याएवढे. पाण्यापर्यंत आलेत आणि परत फिरलेत.

ओढ्यावर टाकलेली माझी काठी पाण्यानं वाहून गेली होती. 

११ नोव्हेंबर

आज सकाळी अंगणात सगळे होतो. मामी, लुसमिला, हार्लिन, मी. रानातून कुणीतरी हाक मारली. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं, लाडानं.

केनर, ये. ये माझ्या राजा. इकडं ये.

आवाज माझा होता.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड बंद होतं. इतक्या मोठ्यानं मी जन्मात बोललेलो नाही. पण आवाज माझाच. पोटाशी बोलायचो तोच.

आणि केनरनं मान वळवली. आज इतक्या दिवसांनी. लुसमिलाच्या मांडीवरून रानाकडं. हसला.

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर. हाक मारली नव्हती. दोघं बघत होते म्हणून.

मामी खाली बसली. हार्लिन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. लुसमिला ओरडेल असं वाटलं. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, एवढंसं नाव, नेइसर. एवढंसं नाव नाही घेता आलं तुला?

मला मारलं असतंस तर बरं झालं असतं गं.

११, संध्याकाळ

रोसेंदो काकांना आणलं. गावातले तेच जाणते. केनरच्या टाळूवर तंबाखूचा धूर फुंकला, बराच वेळ कान लावून बसले. त्याच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, हे घर रिकामं आहे. पोरगं वाटेवर आहे. रानातला लंगडा, ज्याचा एक पाय माणसाचा नि एक हरणाचा, त्याला कुणाचाही आवाज काढता येतो. बापानं बोलावलं नाही, म्हणून तो बोलावतोय. जो बोलावेल त्याच्याकडं जाणार ते, त्याला काय कळतंय.

मला म्हणाले, तुझ्याशिवाय कुणाचा उपयोग नाही. उजाडलं की जा. त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरड. मागं आलं असं कळलं तरी वळून बघू नकोस, बिचकेल. घरात आणून झोळीशी ने. पण उशीर करू नकोस, शरीर वाट बघून थकतं.

हार्लिन येतो म्हणाला. काका नको म्हणाले, पोराचा जीव चुकून दुसऱ्याच्या मागं जाईल.

निघताना केनरच्या कपाळाला ओठ लावायचेत. लुसमिला देईल का जवळ?

१२ नोव्हेंबर

दिला तिनं.  दारात माझा शर्टही नीट केला.

ओरडतोय. सकाळपासून रानात ओरडतोय, वही बरोबर आणलीये. केनर, केनर, केनर. आधी आवाज फुटत नव्हता. मग फुटला. झाडांवरचे पक्षी उडाले. कुणी हसलं नाही. इतकं सोपं होतं—

तो पण हाक मारतोय. कधी डावीकडून, कधी समोरून. माझ्यापेक्षा गोड.

चिखलात त्याचे पाय दिसले. एक माझ्याएवढा. एक खुराचा. मधून तळहात. पाठोपाठ चाललेत त्याच्या.

गाणं म्हटलं. मला गाणं येत नाही. पोटाशी सांगायचो ते सगळं सांगितलं, नदी, बोटी, सगळं, ओरडून. तळहात थांबले. वळले.

दुपार

आलाय.

शर्ट मागून ओढला जातोय. एवढंसं ओझं. ओढून धरलंय घट्ट. मी वळलो नाही. बोलत बोलत चाललोय. पाण्यावर काठ्या टाकतोय, जाड जाड. थांबून वाट बघतो, पुन्हा ओढ लागते. आला, आला माझा राजा, असा ये.

मागं तो हाका मारतोय. येऊ दे. माझा आवाज मोठा आहे आता.

शेवटचा ओढा दिसतोय. पलीकडं आमचं छप्पर. नवी पानं अजून हिरवी आहेत.

ओढ्यावर

काठी टाकली आणि घरातून रडण्याचा आकांत—

आधी मामी. मग बायका सगळ्या. मग लुसमिला. तिचा आवाज मी कुठंही ओळखेन. ती माझं नाव घेत नाहीये. त्याचं घेतेय. केनर, केनर, पुन्हा पुन्हा. हार्लिन अंगणात आला, गुडघ्यांवर बसला.

थकलं शरीर. माझ्यासाठी नाही थांबलं, गेलं.

आता झोळीशी कुणाला नेऊ मी? हा इथं आहे. माझा शर्ट धरून उभा आहे. त्याला काय माहीत. तो घरी जायची वाट बघतोय—

गेलो घरी तर त्याला जागा नाही. सोडून गेलो तर तो दुसरा उभाच आहे. ऐकू येतोय मागं. अगदी जवळ आलाय. दमत नाही त्याचा घसा.

माझा बसत चाललाय. पण बोलतोय. बोलत राहणार. इथंच बसतो पाण्याकाठी. सांगत बसतो त्याला, हे बघ आपलं घर, ती बघ तुझी आई, ती झोळी मी विणली, दोनदा उसवून विणली. माझा आवाज ऐकतोय तोवर माझ्याकडंच राहील ना. कधीच गप्प बसणार नाही मी, लुसमिला, सांगतो तुला—

वही ठेवून देतो. लिहायला लागलं की तोंड थांबतं, आणि तोंड थांबलं की शर्टावरची पकड सैल